संधिवातावरचे निबंध संगणकावर चाळताना: नव्याने येणाऱ्यांसाठी

बी.फार्म. किंवा एम.एस्सी. झालेली जळगाव-धुळ्याकडची मुलं विचारतात, गावात राहून संशोधनाचं कुठलं काम करता येईल? मी करतो ते सांगतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आपला आमवात), सोरायसिस, क्रोन असे दाहाचे जुनाट आजार असतात. त्यांत कोणत्या औषधाने किती फरक पडला, हे छापून आलेल्या संशोधन-निबंधांतून संगणकाच्या मदतीने काढायचं. प्रयोगशाळा लागत नाही. डॉन स्वॉन्सन या अमेरिकी माहितीशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये नुसते छापील निबंध जोडून माशाचं तेल रेनॉच्या विकारात (थंडीने बोटांचा रक्तपुरवठा घटतो तो) उपयोगी पडेल, असा अंदाज मांडला होता. या क्षेत्राची सुरुवात तिथून धरतात.

पबमेड ही वैद्यकीय निबंधांची ऑनलाइन सूची मोफत आहे आणि त्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. खरी मेहनत इथेच, सर्च म्हणजे शोधायच्या शब्दांची जुळणी लिहिण्यात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर (दाह वाढवणारं प्रथिन) कुणी पूर्ण लिहितं, कुणी टीएनएफ. ट्यूमरचं अमेरिकी स्पेलिंग वेगळं, ब्रिटिश वेगळं. ‘आरए’ म्हणजे आमवात, पण हृदयरोगाच्या निबंधात तोच हृदयाचा उजवा वरचा कप्पा. मेश नावाचे विषय-टॅग असतात, ते वापराच. पण अगदी ताज्या निबंधांना ते लागलेले नसतात, म्हणून साधे शब्दही सोबत हवेतच. नोंदी उतरवायला पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं बायोपायथन हे तयार पॅकेज पुरतं. एपीआय की (ओळखीचा कोड) न घेता सेकंदाला ३ विनंत्या चालतात, ती मोफत की घेतली तर १०.

मग चाळणी. एएसरिव्ह्यू हे युट्रेख्ट विद्यापीठात तयार झालेलं मोफत सॉफ्टवेअर आहे. तुम्ही काही निबंध कामाचे, काही बिनकामाचे असे दाखवत गेलात, की उरलेल्यांतले कामाचे वाटणारे ते वर आणत जातं. माझं मत स्पष्ट आहे: आधी शे-दोनशे सारांश दोघांनी वेगवेगळे, हाताने वाचावेत. मतं कुठे फुटतात ते बघावं आणि मगच यंत्राला हात लावावा. चुकून आत आलेला निबंध पुढे काढून टाकता येतो. बाहेर राहिलेला कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या चोपड्याकडे कापूस वेचणाऱ्या मावशीला आमवात झाला, की तिचा प्रश्न एकच असतो: सकाळी बोटं आखडलेली राहतात, ती मोकळी कधी होतील? निबंधांत मात्र एसीआर २० हे माप सापडतं. दुखऱ्या आणि सुजलेल्या सांध्यांची संख्या किमान २० टक्क्यांनी कमी व्हावी आणि इतर ५ मापांपैकी ३ तितकीच सुधारावीत, असं ते माप. त्या पाचांत वेदना आहे, रक्तातली दाहाची खूण आहे, सकाळची ताठरता नाही. ती मोजलेली असली तरी बहुतेकदा आतल्या एखाद्या तक्त्यात असते, सारांशात नसते. फक्त सारांश वाचणारा प्रोग्राम ती कधीच उचलणार नाही. म्हणून कोणती मापं शोधायची, हे कोड लिहिण्याआधी ठरवा आणि ठरवताना रुग्णांशी बोला. पूर्ण निबंध पबमेड सेंट्रल या मोफत भांडारात बरेच मिळतात. सरकारी महाविद्यालयात असाल, तर २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दल (सरकारी संस्थांना संशोधन-नियतकालिकं वाचायला देणारी केंद्राची योजना) ग्रंथालयात विचारा.

नकारावर लक्ष ठेवा. ‘प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) सरस ठरलं नाही’ या वाक्यात औषधाचं नाव आहे, ‘सरस’ही आहे, शब्द मोजणारा प्रोग्राम तिथे हमखास फसतो. डोसही माणसानेच तपासावा. आमवातात मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा घेतात, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. तक्त्यात ‘आठवड्याला’ हा शब्द गळला, तर ते आकडे पुढे कुणाच्या हाती जातील सांगता येत नाही.

काम संपत आलं की सर्च पुन्हा चालवा. आमवातावरच्या टोफासिटिनिब या औषधाला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. हृदयविकाराच्या धोक्याचा ठळक इशारा त्यावर २०२१ मध्ये आला. मधल्या वर्षांत थांबलेल्या सर्चला त्याचा पत्ताच नसतो.

सुरुवात कशी करावी? आमवातावरचा एखादा जुना कॉक्रेन रिव्ह्यू (एका प्रश्नावरच्या चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) घ्या. जुने सहसा मोफत वाचायला मिळतात. त्यात वापरलेला सर्च आणि निवडलेल्या चाचण्यांची यादी दिलेली असते. सर्च न बघता स्वतःचा लिहा, चालवा आणि त्या यादीतल्या किती चाचण्या हाती लागल्या ते ताडून बघा. जी सुटली तिचा सारांश उघडून कोणत्या शब्दामुळे सुटली ते शोधा आणि तो शब्द सर्चमध्ये घाला.