ईव्ही किलोमीटरला किती पडते? वीजबिल हातात घेऊन काढायचा हिशेब

शोरूममधला सेल्समन ईव्हीबद्दल, म्हणजे विजेवरच्या गाडीबद्दल, ‘किलोमीटरला एक रुपया’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता, वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा) १ रुपया १७ पैसे आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे युनिट पडलं ६ रुपये ८२ पैशांना. एका युनिटात गाडी पावणेसात किलोमीटर गेली की झाला एक रुपया. अडचण एवढीच, की ज्या घरात कार येते त्या घरात फ्रीज, गीझर आणि वॉशिंग मशीन आधीच आलेलं असतं. पहिली १०० युनिटं ते केव्हाच खाऊन बसलेले असतात. गाडीच्या वाट्याला येतात ती वरच्या टप्प्यातली, महागडी युनिटं. खरा हिशेब तिथून सुरू होतो.

आधी बिल उघडा

बिलाची शेवटची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढू नका. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. बिलावर वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार (इंधनाच्या किमतीतल्या चढउताराचा) आणि वीज शुल्क अशा स्वतंत्र ओळी असतात. त्यातून दोन गोष्टी टिपून घ्या: महिन्याची एकूण युनिटं आणि प्रत्येक टप्प्याचा दर. महावितरणचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. दर बदलत असतात, म्हणून खालच्या उदाहरणात २०२४-२५ चे आकडे घेतले असले तरी तुम्ही तुमच्या ताज्या बिलावरचेच घ्या. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीची वीज असेल तर दर वेगळे, रीत हीच. गोव्यात दर इतके कमी आहेत की पुढची निम्मी काळजी तिथल्या वाचकाने करू नये.

स्थिर आकार मात्र या हिशेबात धरू नका. गाडी नसली तरी तो भरावाच लागतो. चार्जरसाठी सिंगल फेजचं थ्री फेज केलं आणि त्यामुळे तो वाढला, तर जी वाढ झाली तेवढीच गाडीच्या नावावर टाका.

गाडी किती युनिटं खाते

स्क्रीनवर दिसतो तो बॅटरीतून खर्च झालेल्या विजेचा आकडा. तुम्ही पैसे भरता ते मीटरवर फिरलेल्या विजेचे. या दोन्हींत साधारण १० ते १५ टक्क्यांची तफावत असते, कारण घरातल्या एसी (उलटसुलट वाहणाऱ्या) विजेचं बॅटरीला लागणाऱ्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेत रूपांतर होताना काही वीज उष्णता होऊन जाते आणि चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीचे पंप आणि कंट्रोलरही जागेच असतात. १५ अँपिअरच्या प्लगवरचा ३.३ किलोवॉटचा चार्जर जास्त तास चालतो, म्हणून त्यात ही गळती ७.२ किलोवॉटच्या भिंतीवरच्या चार्जरपेक्षा सहसा थोडी जास्त होते.

मोजायची सोपी रीत अशी. एका रात्री गाडी न लावता ११ वाजता आणि सकाळी ६ वाजता घरच्या मीटरचं रीडिंग घ्या. समजा फ्रीज, पंखे मिळून अडीच युनिटं झाली. दुसऱ्या रात्री त्याच वेळात गाडी लावून पुन्हा रीडिंग घ्या आणि त्यातून अडीच वजा करा. चार्जिंग जास्त तास चालणार असेल तर दोन्ही रात्री तेवढाच वेळ धरा. एसी एका रात्री चालू आणि दुसऱ्या रात्री बंद असं होऊ देऊ नका, नाहीतर मोजमाप वाया जातं. कायमची सोय हवी असेल तर चार्जरच्या एमसीबीनंतर (जास्त भार आला की आपोआप पडणाऱ्या स्विचनंतर) बोर्डातल्या डीआयएन पट्टीवर बसणारा छोटा एनर्जी मीटर इलेक्ट्रिशियनकडून लावून घ्या. मोबाइलवर आकडे दाखवणारे स्वस्त स्मार्ट प्लग इथे वापरू नका, सात-आठ तासांच्या सलग भाराने ते तापतात.

उदाहरणाला नेक्सॉन ईव्हीच्या आकाराची, ४५ युनिटांची (माहितीपत्रकातले ४५ किलोवॉट-तास, kWh) बॅटरी असलेली गाडी घेऊ. २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेताना बॅटरीत २७ युनिटं गेली, घरच्या मीटरवर साडेतीस फिरली. तेवढ्यात गाडी शहरात २०७ किलोमीटर चालली. स्क्रीन सांगेल की युनिटला ७.७ किलोमीटर, खिशाला पडले ६.८. हिशेबात ६.८ धरायचे.

आता टप्प्यात बसवा

घर महिन्याला २२० युनिटं वापरतं, गाडी १,००० किलोमीटर चालते. १,००० भागिले ६.८ म्हणजे १४७ युनिटं. एकूण झाली ३६७. गाडीच्या १४७ पैकी ८० युनिटं दुसऱ्या टप्प्यात संपतात, ६७ तिसऱ्यात चढतात.

दुसरा टप्पा: १०.२९ अधिक १.१७ म्हणजे ११.४६, गुणिले ८० = ९१७ रुपये.
तिसरा टप्पा: १४.५५ अधिक १.१७ म्हणजे १५.७२, गुणिले ६७ = १,०५३ रुपये.
बेरीज १,९७०, त्यावर १६ टक्के शुल्क धरून साधारण २,२८५ रुपये.

किलोमीटरला २ रुपये २९ पैसे. इंधन समायोजन आकार यात नाही. तुमच्या बिलावर असेल तर शुल्क लावण्याआधी मिळवा. हाच हिशेब आधीच्या २२० युनिटांच्या सरासरी दराने केला असता तर दीड रुपया निघाला असता. म्हणजे सरासरीवर विसंबलं की खर्च दीडपटीने चुकतो.

मे महिन्यात बेडरूमचा एसी चालला आणि घर ३५० युनिटांवर गेलं, की गाडीची सगळीच्या सगळी १४७ युनिटं तिसऱ्या टप्प्यात जातात आणि किलोमीटरचा दर २ रुपये ६८ पैसे होतो. गाडी तीच, रस्ते तेच. ५०० च्या वरच्या टप्प्यात तर युनिटच १७.८१ आणि शुल्क मिळून २० रुपये ६६ पैशांना पडतं. हा दर हायवेवरच्या फास्ट चार्जरच्या जवळ जातो! म्हणून हिशेब एका महिन्याचा करू नका. गेल्या वर्षाची बारा बिलं काढा आणि निदान उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा वेगळा आकडा मांडा.

पेट्रोलची बाजू

इथे फार खोल जायला नको. टाकी कट-ऑफपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, चारशे-पाचशे किलोमीटर फिरा आणि त्याच पंपावर पुन्हा कट-ऑफपर्यंत भरा. दुसऱ्यांदा जितके लिटर बसले त्याने किलोमीटरला भागा. कंपनीचा मायलेज एका बाजूला आणि कंपनीची ईव्ही रेंज दुसऱ्या बाजूला अशी तुलनाही चालेल, पण एकीकडे जाहिरातीचा आणि दुसरीकडे रस्त्यावरचा आकडा घेतला तर निकाल आपल्याला हवा तसाच लागतो. छोटी पेट्रोल एसयूव्ही शहरात १३ देते आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे असं धरलं, तर किलोमीटरला बरोबर ८ रुपये. ईव्हीशी फरक ५ रुपये ७१ पैसे.

हायवेवर गणित आखडतं

समजा सार्वजनिक फास्ट चार्जरचा दर युनिटला २० रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरून तो २३ रुपये ६० पैसे होतो. ॲपवर दिसणारा दर कराशिवायचा आहे की करासह, हे आधी बघा. ताशी शंभरच्या वेगाने हवेचा विरोध वाढतो आणि गाडी युनिटला सहाच किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला ३ रुपये ९३ पैसे. पेट्रोल गाडी मात्र हायवेवर सुधारते. १७ दिले तर ६ रुपये १२ पैसे. शहरातला पावणेसहा रुपयांचा फरक इथे दोन-सव्वादोन रुपयांवर येतो. ज्यांचं बहुतेक फिरणं लांबचं आहे आणि घरी चार्जिंगची सोय नाही, त्यांनी शहरातली बचत मनात धरून गाडी घेऊ नये.

पुणे-मुंबई मात्र थोडं वेगळं. दीडशे किलोमीटरला २५ युनिटं, ५९० रुपये; पेट्रोलने साधारण ९१८. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर ईव्हीला टोलमाफी आहे, आणि द्रुतगतीवर कारचा एकेरी टोल २०२३ पासून ३२० रुपये होता. वाचलेला टोल जवळपास विजेच्या बचतीइतकाच भरतो. फास्टॅगवर गाडी ईव्ही म्हणून नोंदलेली आहे ना, हे टॅग देणाऱ्या बँकेकडे तपासा. नोंद चुकली तर पैसे कापले जाऊ शकतात आणि परत मिळवायला खेटे घालावे लागतात.

वेगळा मीटर घ्यावा का

फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली आणि ईव्ही चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येऊ लागली. घर आधीच ३०० युनिटांच्या वर जात असेल तर हे जरूर बघा. अर्ज करण्याआधी ही जोडणी कोणत्या वर्गात देणार, घरगुती की ईव्ही चार्जिंग, हे लेखी विचारा. ईव्ही वर्गात घरगुतीसारखे टप्पे नसतात, मात्र भारावरचा स्थिर आकार असतो. गाडी महिन्याला तीनशे किलोमीटरच चालत असेल तर तो आकार बचत गिळून टाकू शकतो.

सोसायटीत लोक कॉमन मीटरवरून चार्जिंग करतात आणि ‘सोसायटीच्या विजेचं स्वस्त पडतं’ असं समजतात. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांनी तो मीटर बहुधा आधीच ५०० च्या पार गेलेला असतो, म्हणून तिथलं प्रत्येक युनिट सगळ्यात महाग. सब-मीटर लावून सरासरी दराने पैसे घेतले, तर उरलेला फरक गाडी नसलेले सभासद भरतात. सर्वसाधारण सभेत भांडण व्हायचं ते इथूनच.

रात्री चार्जिंग स्वस्त, हीही समजूत तपासून घ्या. महावितरणच्या टीओडी (दिवसातल्या वेळेनुसार दर लावणाऱ्या) मीटरवर घरगुती ग्राहकाला सवलत आहे ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत, सौर वीज असते तेव्हा.

प्लग पॉइंटवर काटकसर नको

३.३ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टला १४ अँपिअरच्या वर, तेही सलग आठ-दहा तास. गीझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी रात्रभर. जुन्या सॉकेटची पकड सैल झालेली असते, तिथे उष्णता साठते आणि प्लगची एक पिन तपकिरी पडते. ती खूण दिसली की सॉकेट त्याच दिवशी बदला. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. डिस्ट्रिब्यूशन बोर्डापासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक आणि औद्योगिक पद्धतीचं सॉकेट, एवढं करून घ्या. अंतर जास्त असेल तर वायर जाड घ्यावी लागते.

चार्जर लाल दिवा दाखवून थांबत असेल तर गाडीला दोष देण्याआधी अर्थिंग तपासा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटरवर दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगचा खड्डा बहुतेक कोरडा पडलेला असतो. मंजूर भारही बघा. जुन्या घरांत तो एक-दोन किलोवॉटच असतो. त्यात गाडी, एसी आणि गीझर एकदम चालले की मेन पडतो.

जास्तीची किंमत कधी वसूल होते

ईव्ही पेट्रोल गाडीपेक्षा ३ लाखांनी महाग पडली असं धरा. ५.७१ ने भागलं की ५२,५०० किलोमीटर. महिन्याला हजार चालवणाऱ्याला चार वर्षं चार-पाच महिने लागतात. पाचशे चालवणाऱ्याला आठ वर्षांच्या पुढे, म्हणजे बऱ्याच गाड्यांची आठ वर्षांची बॅटरी वॉरंटी संपून गेल्यावर. यात कर्जाचं जादा व्याज आणि जास्तीचा विमा आलेला नाही, आणि वाचलेलं ऑइल बदलणंही आलेलं नाही.

तुलना सीएनजीशी असेल तर चित्र पुन्हा बदलतं. ८० रुपये किलोच्या दराने शहरात किलोला २० किलोमीटर देणारी गाडी ४ रुपयांत पडते. वर काढलेल्या ईव्हीच्या दरांशी फरक उरतो तो पावणेदोन रुपयांच्या आतला. पण घरी गाडी लावून झोपायला मिळतं आणि पंपावरच्या रांगेत अर्धा तास जात नाही, हे ज्याने त्याने आपल्या हिशेबात मांडून घ्यावं.