अंजिराची गुटी उतरवताय? आधी पानं छाटा, सावली तयार ठेवा

पाऊस आवरत आलाय आणि दुपारचं ऊन भाजायला लागलंय. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर भागात मीठा बहार (पावसाळा सरताना छाटून उन्हाळ्याकडे फळं देणारा हंगाम) धरणाऱ्यांची छाटणी तोंडावर आहे, आणि पावसाळ्यात बांधलेल्या गुट्या (फांदीची साल काढून, ओलं शेवाळ आणि प्लॅस्टिक गुंडाळून झाडावरच मुळं फोडलेली कलमं) त्याच झाडांवर आहेत. छाटणीला माणसं लागली की गुट्याही त्याच दिवशी, भर उन्हात, सपासप उतरवल्या जातात. आजवर मी जेवढी अंजिराची कलमं मेलेली पाहिली, त्यातली बहुतेक बांधताना बिघडली नव्हती. मुळं चांगली सुटली होती. ती गेली उतरवल्यानंतरच्या पंधरा दिवसांत, पानांसकट उन्हात ठेवल्यामुळे.

गुटी बांधताना आपण साल काढतो, पण आतलं लाकूड शाबूत असतं. त्यातून मूळ झाडाचं पाणी फांदीला मिळतच राहतं. म्हणून झाडावरची गुटी टवटवीत दिसते, शेवाळात मुळं असोत वा नसोत. कापलं की ते पाणी त्याच क्षणी बंद होतं. उरतात बोटभर लांबीची नाजूक मुळं, आणि वर पंजाएवढी रुंद पाच-सात पानं. एवढ्या पानांना लागणारं पाणी ती मुळं ओढू शकत नाहीत. डाळिंबाची पानं बारीक असतात, अंजिराची नाहीत. डाळिंबाच्या गुटीचा अनुभव इथे चालत नाही.

गेल्या वर्षी एकाने कलमं बघायला बोलावलं. साठेक पिशव्या बांधाला ओळीनं लावलेल्या, सगळ्यांनी माना टाकलेल्या. पानं सुकतात म्हणून बिचारा दिवसातून तीनदा पाणी घालत होता. पिशवी उचलली तर दगडासारखी जड. एक फाडून मुळं-शेवाळाचा गड्डा हातावर घेतला, शेवाळ दाबलं, बोटांतून पाणी गळालं आणि आंबूस वास आला. मुळं काळी पडलेली, चिमटीत धरली की साल निसटून आतली शीर तेवढी उरत होती. पानं तहानेनं सुकली होती आणि मुळं पाण्यानं कुजली होती, दोन्ही एकाच कलमात. सुकलेल्या पानावर उपाय पाणी नाही, पान कमी करणं आणि सावली हा आहे.

मुळं पांढरीशुभ्र असतील तर गुटी अजून उतरवू नका. प्लॅस्टिकमधून ती तपकिरी झालेली आणि गड्ड्याला चारी बाजूंनी वेढलेली दिसायला हवीत. कच्च्या गुटीची फांदी छाटणीत राखून ठेवा. दोन-तीन आठवडे थांबल्यानं बहाराचं काही बिघडत नाही. पक्क्या गुटीलाही आधी गड्ड्याच्या खाली निम्म्या जाडीपर्यंत खाच घ्या, आठ-दहा दिवसांनी उरलेलं कापा. कापणी संध्याकाळी, ऊन कलल्यावर करा. वारं सुटलेल्या दिवशी मी गुटी उतरवत नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण वाऱ्याच्या दिवशी उतरवलेली जास्त गेलेली पाहिली आहेत.

उतरवायच्या आधी, फांदी झाडावर असतानाच पानं काढा. शेंड्याकडची दोन लहान पानं ठेवा, तीही निम्मी कापून. बाकी सगळी देठ थोडा ठेवून छाटा. फळं असतील तर एकही ठेवू नका. हिरवंगार कलम बोडकं करताना जीवावर येतं, ठाऊक आहे. तरी करा. चीक कातडीला लागून त्यावर ऊन पडलं तर फोड येतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि हात लगेच धुवा.

पिशवी भरताना:
- प्लॅस्टिक आणि सुतळी पूर्ण सोडा. शेवाळ ओरबाडू नका, मुळं त्यातच गुंतलेली असतात.
- शेवाळ कोरडं वाटलं तर गड्डा पाच मिनिटं पाण्यात धरा. कोरडा गड्डा ओल्या मातीतही कोरडाच राहतो.
- माती पोयट्याची, सोबत वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत, सारख्या भागानं. निव्वळ काळी माती नको.
- पिशवी ८ बाय १० इंची, तळाला भोकं.
- कलमाला काठीचा आधार. हललं की नवी मुळं तुटतात.
- मूळ झाडावरच्या कापाला बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी.
- पिशवीत एकदाच आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं): कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक २५ ग्रॅम, १० लिटर पाण्यात. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) द्यायचा असेल तर पंधरा दिवसांनी, एकत्र नाही.

आता सावली. शेडनेट असेल तर उत्तम, नसेल तर दाट झाडाखाली, भिंतीच्या उत्तरेला, वारा अडेल अशा जागी. कामट्या वाकवून वरून पारदर्शक प्लॅस्टिक टाकलं की आत दमट हवा राहते, पण हे सावलीतच. उन्हात तोच तंबू कलमं उकडून काढतो. रोज सकाळी थोडा वेळ उघडा. पाणी द्यायचं की नाही हे पिशवी उचलून ठरवा: हलकी लागली तर झारीनं द्या, जड असेल तर हात आवरा.

दहा-बारा दिवसांत डोळे फुटून पोपटी पानं येतात, आणि फसगत इथेच होते. ही पालवी काडीतल्या साठ्यावर येते, मुळं चालू झाल्याची ती खूण नाही. पालवी दिसली की लोक पिशव्या उन्हात काढतात आणि तिसऱ्या दिवशी सगळं काळं पडतं. खरी खूण पिशवीच्या भोकांशी बघा: पांढरी मुळाची टोकं डोकावली, की मग सकाळचं ऊन तासभर, पुढे थोडं थोडं वाढवत. यात तीन-चार आठवडे जातात.

कोमेजलेलं पान घेऊन दुकानात गेलात तर ह्युमिक, टॉनिक, मुळं फुटायची बाटली, १९:१९:१९ चं विद्राव्य खत, सगळं हातात पडेल. पहिला महिना यातलं काही घालू नका. तोकड्या मुळांवर खताचा क्षार आणखी भार टाकतो. त्या पैशांत शेडनेटचा तुकडा येतो, आणि तो पुढची काही वर्षं कामाला येतो.

लागवडीचं थोडक्यात:
- अंतर ५ बाय ५ मीटर, एकरी १६० झाडं.
- खड्डा ६० सेंमी लांब, रुंद, खोल, उन्हाळ्यात तापू द्या.
- निचरा नसलेल्या जागी लागवड नको.
- लावण्याआधी एक-दोन पिशव्या फोडून मुळांवर गाठी बघा. गाठी म्हणजे सूत्रकृमी, ती रोपं शेतात नेऊ नका.

ठिबक आहे म्हणून दिवाळीनंतर लगेच शेतात लावायचा मोह होतो. कलमं जूनपर्यंत पिशवीतच ठेवा, मुळं गोल फिरायला लागली तर फेब्रुवारीत मोठ्या पिशवीत हलवा. आणि या आठवड्यात ज्यांनी गुट्या आधीच उतरवल्या आहेत, त्यांनी आज संध्याकाळी सिकेटर (छाटणीची कात्री) घेऊन पिशव्यांजवळ जावं आणि पानं छाटावीत. पानं अजून ताठ असतील तर कलम वाचवायला वेळ आहे.