लाइट गेली तरी सर्व्हरचा डेटा वाचला पाहिजे

छोट्या ऑफिसात सर्व्हरला यूपीएस असतो पण त्याची यूएसबी केबल खोक्यातच पडून असते, आणि खरा घोळ तिथेच आहे. बॅटरी दहा-पंधरा मिनिटं खेचते, मग संपते आणि सर्व्हर धाडकन बंद, म्हणजे यूपीएस नसता तर जे झालं असतं तेच, फक्त जरा उशिरा. बॅटरी संपत आलीय हे सर्व्हरला त्या केबलमधूनच कळतं, तेव्हा आधी ती केबल लावा आणि लिनक्सवर नेटवर्क यूपीएस टूल्स टाका, सगळे त्याला नट म्हणतात, फुकट आहे. यूपीएसने बॅटरी लो सांगितली की त्यातला अपसमॉन नावाचा प्रोग्राम सर्व्हर नीट शटडाऊन करतो. बॅटरी जुनी असेल तर मात्र त्या लो सिग्नलवर विसंबू नका, चार्ज बरा दाखवता दाखवता ती एकदम मान टाकते, म्हणून लाइट गेल्यावर दोन-तीन मिनिटांत शटडाऊन सुरू होईल असा टायमर नटच्याच अपसशेडमध्ये लावा. बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताच उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंगही करून ठेवा.

आता डिस्ककडे. फाइल सेव्ह झाली म्हणजे डिस्कवर गेली असं नसतं हो, लिनक्स ती आधी रॅममध्ये ठेवतं आणि प्रोग्रामने एफसिंक केलं नाही, म्हणजे 'आत्ताच डिस्कवर लिही' असं सांगितलं नाही, तर साधारण ३० सेकंद ती तिथेच राहू शकते. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमला जर्नल, म्हणजे बदलांची आधी लिहिलेली नोंदवही, आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण डिफॉल्ट ऑर्डर्ड मोडमध्ये जर्नल फाइल सिस्टीमचा सांगाडा जपतं, फाइलमधला मजकूर त्यात जात नाही. स्पीडसाठी कोणी एफएसटॅबमध्ये (डिस्क कशा जोडायच्या याची फाइल) नोबॅरियर, म्हणजे लिहिण्याचा क्रम पाळायची सक्ती काढणारा पर्याय, टाकलं असेल तर आजच काढा. पोस्टग्रेस या डेटाबेसचं एफसिंक बंद करणं हा तर माझ्या मते गुन्हाच आहे, आणि मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये इनोडीबी या त्याच्या स्टोरेज इंजिनचं लॉग फ्लश (लॉग डिस्कवर कधी लिहायचा ते ठरवणारं सेटिंग) १ वरच राहू द्या, २ किंवा ० केलंत तर शेवटच्या काही एंट्र्या जाऊ शकतात.

एवढं करूनही डिस्कचा स्वतःचा कॅश, म्हणजे तिच्या आतली तात्पुरती मेमरी, उरतोच. साध्या एसएसडीत बहुतेक वेळा लाइट गेल्यावर तो कॅश लिहून काढण्यापुरती वीज देणारे कपॅसिटर नसतात, त्यामुळे सर्व्हरसाठी घेताना पॉवर लॉस प्रोटेक्शनवाला एसएसडी मागा, चार पैसे जास्त जातील पण घ्याच. रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं) असेल तर त्याची बॅटरी जिवंत आहे का बघा, मेली असेल तर राइट बॅक, म्हणजे डिस्कवर जायच्या आधीच 'लिहिलं' म्हणून सांगायची सोय, बंद करा. बॅकअप वेगळा हवाच, रेड म्हणजे बॅकअप नाही.

लाइट आल्यावर घाईघाईत माउंट असलेल्या, म्हणजे वापरात जोडलेल्या, डिस्कवर एफएससीके (फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवू नका, असलेला डेटाही बिघडेल. जर्नल आपोआप रिप्ले होतं, म्हणजे त्यातल्या नोंदी पुन्हा लागू होतात, तरीही एरर दिसली तर अनमाउंट करून, जमल्यास डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) काढून, मगच चालवा.

सगळं लावून झालं की बॅकअप घ्या आणि ऑफिस सुटल्यावर यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करा, सर्व्हरची वायर उपटू नका. सर्व्हर परत चालू झाल्यावर बूट लॉगमध्ये (चालू होतानाच्या नोंदीत) जर्नल रिकव्हर केल्याची ओळ दिसली तर शटडाऊन पूर्ण झालं नव्हतं, टायमर आणखी कमी करा आणि पुन्हा टेस्ट घ्या.