किनाऱ्याच्या पाण्याचा नमुना कसा घ्यावा आणि कसा वाचावा

पाण्यात प्रदूषण किती हे यंत्र सांगतं, असं माझ्याकडे सागरी रसायनशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना वाटत असतं. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते, बाटलीचं झाकण लागेपर्यंत निम्मा निकाल लागून गेलेला असतो. म्हणून इथे यंत्रांबद्दल कमी आणि बाटल्यांबद्दल जास्त लिहिते आहे.

आधी वेळ ठरवा. भरती-ओहोटीचं एक आवर्तन साधारण 12 तास 25 मिनिटांचं असतं. नदीमुखाशी एकाच जागी भरतीला समुद्राचं पाणी मिळतं, ओहोटीला नदी-नाल्यांचं. त्यामुळे दर सोमवारी सकाळी दहाला घेतलेल्या नमुन्यांची एकमेकांशी तुलना होत नाही. भरतीचं कोष्टक बघून निघा, दोन्ही टोकांना नमुने घ्या. ऑक्सिजनसाठी पहाटेची एक फेरी हवीच, कारण रात्रभर शैवाल आणि जिवाणू तो वापरत असतात. दुपारी त्याच पाण्यात प्रकाशसंश्लेषणामुळे आकडा छान दिसतो आणि रात्री मासे का तडफडले ते कळत नाही.

जागेवर पोहोचलात की तापमान आणि क्षारता (किलोभर पाण्यात किती ग्रॅम क्षार ते) मोजून वहीत लिहा. मग ऑक्सिजनची बाटली, बाकी सगळ्यांच्या आधी. नळी बाटलीच्या तळापर्यंत घाला, पाणी संथ सोडा, बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहून जाऊ द्या. एकही बुडबुडा नको. मग पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून मँगनीजचं द्रावण, त्यामागून अल्कलाइन आयोडाइड. बूच लावून उलटसुलट हलवा. साका, म्हणजे बाटलीत तयार होणारा गढूळ थर, तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. पांढरा साका पाहिला की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. साका खाली बसल्यावर आम्ल घाला, आयोडीन सुटं होतं, ते थायोसल्फेटने मोजा, म्हणजे रंग जाईपर्यंत त्याचं द्रावण थेंबाथेंबाने किती लागलं ते बघा. स्टार्च मात्र रंग फिकट पिवळा झाल्यावरच टाका. रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांची ही पद्धत 1888 सालची, आणि हातात डिजिटल मीटर असला तरी त्याचा खरेपणा मी याच पद्धतीने तपासते. 25 अंशांना, 35 क्षारतेच्या पाण्यात लिटरमागे साधारण 6.7 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तो 2 च्या खाली गेला की बहुतेक मासे पळतात किंवा मरतात.

नायट्रेट-फॉस्फेटचे नमुने लगेच 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून गोठवा, नाहीतर बाटलीतले जिवाणू काम चालूच ठेवतात. सिलिकेटला काचेची बाटली चालत नाही. तेलाला काचच लागते, आणि ती बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळायची नाही, कारण तेल भिंतींना चिकटून आकडा फुगतो. धातूंसाठी आम्लात भिजवलेली पॉलिथिलीनची बाटली, हातमोजे, आणि सामू (pH) 2 च्या खाली जाईल इतकं शुद्ध नायट्रिक आम्ल. पारा याला अपवाद, तो काच किंवा टेफ्लॉनमध्ये. समुद्रातल्या शिशाचे जुने आकडे बरेचसे नमुने हाताळताना मिसळलेल्या शिशाचे होते, हे अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी दाखवून दिलं. त्यामुळे शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली प्रत्येक फेरीत सोबत न्या आणि तिलाही तेच सगळं करा. तिच्यात जे सापडेल ते तुमच्या हाताळणीतून आलेलं.

पाण्यात धातू सापडला नाही म्हणून गाळाकडे पाठ फिरवू नका. जपानमधल्या मिनामाताचा आजार, म्हणजे पाऱ्याची विषबाधा, 1956 मध्ये उघडकीला आला. तिथे कारखान्याचा पारा उपसागराच्या तळातल्या गाळात साठला होता. गाळाचा वरचा एक-दोन सेंटिमीटर थर घ्या. बारीक चिकणमाती धातू जास्त धरते, म्हणून वाळूशी तिची थेट तुलना नको. त्याऐवजी त्याच गाळातल्या अॅल्युमिनियमशी धातूचं गुणोत्तर काढा, कारण चिकणमाती जास्त तिथे अॅल्युमिनियमही जास्त.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. क्षारतेशिवायचा नायट्रेटचा आकडा मुका असतो. आडव्या अक्षावर क्षारता, उभ्यावर नायट्रेट मांडा. समजा नदीच्या गोड्या पाण्यात (क्षारता शून्य) लिटरमागे 60 मायक्रोमोल आहे आणि 35 क्षारतेच्या समुद्रात 4. नुसतं मिसळणं चालू असेल तर 17.5 क्षारतेला 32 यायला हवेत, आणि सगळे बिंदू एका सरळ रेषेवर पडायला हवेत. तिथे 45 आले तर वाटेत कुणीतरी भर घालतंय. 20 आले तर शैवालाने खाल्लंय, किंवा ऑक्सिजनअभावी जिवाणूंनी त्याचा वायू केलाय. दोन्हींत फरक करायला तुमची ऑक्सिजनची बाटली कामी येते. अमोनिया रेषेच्या वर आणि ऑक्सिजन कमी, अशी जोडी दिसली तर मी आधी मैलापाण्याचा नाला शोधायला लागते.

जोराच्या पावसानंतर ही रेषा काढू नका. नदीकडचं टोकच तासातासाला बदलत असतं. नदीचा आकडा स्थिरावू द्या, मग रेषेबाहेरच्या बिंदूपाशी भरतीच्या त्याच अवस्थेत पुन्हा जा आणि दोन्ही काठांनी जवळजवळचे नमुने घ्या.