लिम्फेडिमाच्या टीमला रिसर्चचं नेमकं कुठलं ट्रेनिंग हवंय, हे कसं शोधायचं

लिम्फेडिमा म्हणजे लसीकाद्रव साचून हात किंवा पाय सुजून राहणं. त्याचे पेशंट रोज बघणाऱ्या फिजिओ, नर्स, डॉक्टर यांच्याकडे प्रश्न ढिगाने असतात, नीट कॉम्प्रेशन (घट्ट पट्ट्या किंवा स्लीव्ह) चालू असताना वरून हाताने ड्रेनेज (हलका मसाज करून द्रव पुढे सरकवणं) केल्याने किती फरक पडतो हाच घ्या ना, पण अशा प्रश्नाचा अभ्यास कसा करायचा हे बहुतेकांना कोणी शिकवलेलंच नसतं. मग सगळ्यांना सरसकट स्टॅटिस्टिक्सच्या वर्कशॉपला बसवतात आणि पुढे काहीच होत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून आधी गरज मोजा. हेनेसी-हिक्स नावाची प्रश्नावली आहे, त्यात प्रत्येक कामाला १ ते ७ मध्ये दोनदा मार्क द्यायचे, हे काम माझ्यासाठी किती महत्त्वाचं आणि मला ते किती जमतं. जिथे महत्त्व जास्त आणि जमणं कमी, तिथे ट्रेनिंग द्यायचं. रिसर्चची कामं यादीत सुटी सुटी लिहा: पेपर शोधणं, वाचून त्यातली खोट ओळखणं, प्रश्न नीट मांडणं, एथिक्सचा अर्ज, डेटा, लिखाण. आणि नावं मागू नका प्लीज, नाहीतर सीनियर लोक सगळीकडे सातच टाकणार.

पण एक गोष्ट प्रश्नावलीत सहसा दिसत नाही, ती म्हणजे मोजमाप, कारण ते आपल्याला येतंच असं सगळ्यांना वाटतं. दर ४ सेंटिमीटरवर टेप लावून घेर घ्यायचा आणि त्यावरून व्हॉल्यूम काढायचं, इतकं साधं वाटतं, पण टेप किती ताणली, सुरुवात कुठून केली यावर आकडा बदलतो. दोन्ही हातांत २०० मिली किंवा १० टक्के फरक असला की लिम्फेडिमा, असं बऱ्याच ठिकाणी धरतात, त्यात प्रबळ हात मुळातच थोडा मोठा असतो, मग दोन थेरपिस्टच्या मापातच एवढी तफावत आली तर तो डेटा कशाला वापरणार? तेव्हा एकच हात दोघांनी वेगवेगळा, एकमेकांचे आकडे न बघता मोजा, थोड्या वेळाने परत मोजा आणि फरक कागदावर मांडा, टीमचा पहिला रिसर्च प्रोजेक्ट म्हणून हाच घेतला तरी चालेल, फक्त एथिक्सची परवानगी लागते का ते सुरुवातीलाच विचारा.

शेवटी प्रश्नावलीत एक मोकळी ओळ ठेवा: "तुम्हाला काय अडवतं?" तिथे वेळ नाही, विचारायला कोणी नाही असंच जास्त आलं तर कोर्सचे पैसे वाचवा आणि आठवड्यातले काही तास पेशंटविना मोकळे ठेवून एखादा अनुभवी संशोधक जोडून द्या.