लेहरा मुका झाला तेव्हा

नौपाड्याच्या घरी बाबा रोज सकाळी तबल्याच्या रियाजाला बसतात. लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून, धरतो कॉम्प्युटर, लिनक्स मिंट २२ या प्रणालीवर चालणारा. गेल्या पावसाळ्यात तो एके दिवशी एकदम मुका झाला. "साउंड कार्ड गेलं गं," बाबांचा फोन. मी ऐरोलीहून पोचले तोवर नवीन कार्डाची किंमतही विचारून झाली होती!

कार्ड सहसा जात नाही. आवाज भलतीकडे जात असतो, किंवा वाटेत कुणीतरी अडवलेला असतो.

आधी मागे वाकून बघा. स्पीकरची पिन हिरव्या भोकातच हवी. धूळ पुसताना गुलाबीत गेली तर ती माइकची जागा.

मग गाणं चालू ठेवूनच पावूकंट्रोल (pavucontrol, आवाजाची वाट दाखवणारा प्रोग्राम) उघडा (नसेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या). प्लेबॅकमध्ये पट्टी हलत असेल तर आवाज तयार होतोय, फक्त पोचत नाही. आउटपुट डिव्हाइसेसमध्ये एचडीएमआयवर, म्हणजे मॉनिटरच्या वायरवर, खूण असेल तर ती अ‍ॅनालॉगवर, म्हणजे स्पीकरच्या भोकावर, आणा. माझ्याकडे नवा मॉनिटर जोडल्यावर हेच झालं होतं, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता. अ‍ॅनालॉग यादीतच नसेल तर कॉन्फिगरेशनमध्ये जा, तिथे प्रोफाइल 'ऑफ' असेल, ते अ‍ॅनालॉगचं करा. पट्टीच हलत नसेल तर लॉगआउट करून परत या. त्याने पाइपवायर, म्हणजे आवाज पोचवणारा आतला प्रोग्राम, नव्याने सुरू होतो.

बाबांकडे हे सगळं ठीक होतं. पट्टी छान नाचत होती, खोली शांत.

म्हणून टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (alsamixer टाइप करायचं, कार्डाच्या आवाजाच्या पट्ट्या दिसतात). एफ६ दाबून खरं कार्ड निवडायचं, नाहीतर नुसती एकच मास्टर पट्टी दिसते. पट्टीखाली 'एमएम' म्हणजे म्यूट. एम दाबला की दोन शून्यं येतात. बाबांच्या लाइन आउटवर, म्हणजे त्या हिरव्या भोकाच्या पट्टीवर, शून्यंच होती. मग उजव्या बाणाने अगदी टोकाला गेले. तिथे 'ऑटो-म्यूट मोड', एनेबल्ड.

हेडफोन लावला की स्पीकर गप्प करणारी ही सोय. पण पुढच्या जॅकमध्ये हेडफोन नव्हताच! तो जॅक खिडकीकडे, आणि ठाण्याचा जुलै. आतला संपर्क दमट हवेने गंजला असणार, म्हणून कॉम्प्युटरला हेडफोन असल्याचा भास. खालच्या बाणाने डिसेबल्ड केलं आणि तीनतालाचा लेहरा मधूनच सुरू झाला. बाबांनी सम बरोब्बर पकडली.

एस्केपने बाहेर या. कॉम्प्युटर नीट शटडाउन केला की हे सेटिंग राहतं. आता हेडफोन लावला तरी स्पीकर बोलत राहतील, तेवढे हाताने बंद करायचे. बाबांकडे हेडफोन नाहीच.