विळखा घालणाऱ्या पाळीव सापाला उंदीर खाऊ घालताना

बॉल पायथन, बोआ किंवा कॉर्न स्नेक घरी आणण्यापूर्वी त्याच्या रंगाची आणि स्वभावाची चौकशी पुष्कळजण करतात. पुढची वीस-पंचवीस वर्षे घरात मेलेले उंदीर साठवायचे, वितळवायचे, गरम करायचे आणि कधीतरी अर्धवट पचलेल्या अवस्थेत पुसून काढायचे आहेत, याचा विचार मात्र फार थोडे करतात. हे काम किळसवाणे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यातला बराचसा घाणेरडा भाग घाईमुळे ओढवतो आणि तो टाळता येतो. आपल्या भागात ती जात पाळण्यास कायद्याची परवानगी आहे, हे आधीच तपासलेले आहे असे येथे गृहीत धरले आहे.

जिवंत उंदीर पेटीत सोडू नये. साप भुकेला नसेल तर तो निश्चल पडून राहतो, आणि बंद जागेत घाबरलेला उंदीर त्याची पाठ कुरतडू लागतो. अशा जखमा स्नायूंपर्यंत, क्वचित हाडापर्यंत जातात, त्यांत जंतुसंसर्ग होतो आणि डोळाही गमवावा लागू शकतो. उंदराच्या बाजूने पाहिले तरी ज्या भीतीत त्याला कोंडले जाते तिचे समर्थन करता येत नाही. पाळीव अवस्थेत जन्मलेले बहुतेक साप मेलेले भक्ष्य सहज स्वीकारतात. त्यामुळे खाद्य म्हणून वाढवलेले, वेदनारहित पद्धतीने मारून गोठवलेले उंदीर विकत घेणे हाच योग्य मार्ग आहे. घरात किंवा अंगणात पकडलेला उंदीर फुकट मिळाला तरी देऊ नये, कारण त्याच्या पोटात विष असू शकते आणि अंगावर परजीवी असतात.

उंदराची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी, फार तर किंचित जास्त असावी. वाढत्या सापासाठी त्याच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के इतके भक्ष्य पुरते, तर प्रौढ सापाला प्रमाण त्याहून कमी लागते. पिल्लांना 5 ते 7 दिवसांनी, प्रौढ बॉल पायथनला साधारण दोन आठवड्यांनी आणि मोठ्या बोआला तीन-चार आठवड्यांनी एकदा खाणे पुरेसे होते. साप प्रत्येक वेळी झडप घालतो म्हणून तो उपाशी आहे असे मानणारे पालक त्याला लठ्ठ करतात, आणि लठ्ठपणा पाळीव अजगरांमध्ये उपासमारीपेक्षा अधिक आढळतो, असे माझे मत आहे.

वितळवण्याच्या टप्प्यावर सर्वाधिक घोळ होतो. उंदीर आदल्या रात्री घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवावा आणि खाऊ घालण्यापूर्वी ती पिशवी 40 अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवावी. उकळते पाणी वापरले की पोटावरची पातळ कातडी शिजून मऊ पडते आणि चिमट्याने उचलताच फाटते, मग आतडी पेटीभर सांडतात. मायक्रोवेव्हमध्ये तर बाहेरचा भाग शिजतो आणि आतला गोठलेलाच राहतो, म्हणून त्याचा वापर करूच नये. पिशवीवरून पोट दोन बोटांनी दाबून पाहावे. आत थंड, टणक गोळा लागला तर उंदीर आणखी थोडा वेळ पाण्यात ठेवावा. पोट हिरवट पडून वास येऊ लागला असेल तर तो टाकून द्यावा.

तयार उंदीर कागदाने टिपून कोरडा करावा, कारण ओल्या केसांना पेटीतला भुसा चिकटतो. बॉल पायथनच्या ओठांवरील खळग्यांना उष्णता जाणवते, त्यामुळे उंदराचा पृष्ठभाग 37 ते 40 अंशांवर असला की प्रतिसाद लगेच मिळतो. केस वाळवण्याच्या यंत्राने केवळ डोके थोडे अधिक गरम केले तर साप नेमके तेथे झडप घालतो.

उंदीर लांब चिमट्याने मानेच्या मागे धरून सापाच्या तोंडापासून थोड्या अंतरावर स्थिर धरावा, त्याच्या नाकावर ढोसू नये. झडप बसली की क्षणार्धात दोन-तीन वेढे पडतात. विळख्यात भक्ष्य गुदमरून मरते असे पूर्वी मानले जाई, परंतु 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोआवरील अभ्यासात उंदराचे रक्ताभिसरण काही सेकंदांतच कोलमडते असे दिसले. त्याआधीच्या प्रयोगांत मेलेल्या उंदरात कृत्रिम ठोके निर्माण केल्यावर बोआ अधिक वेळ आणि अधिक जोराने आवळत होते. म्हणजे विळखा कधी सोडायचा हे भक्ष्याच्या हृदयाच्या ठोक्यांवरूनही ठरते, आणि निर्जीव उंदीर पकडलेला साप कधी कधी लवकर सैलावतो. अशा वेळी चिमट्याने शेपूट हलकेच हलवावी आणि नंतर बाजूला व्हावे. साप जीभ लपलपवत डोके शोधतो, मग एकदा डावा आणि एकदा उजवा जबडा पुढे सरकवत भक्ष्य आत ओढतो. तो मागच्या बाजूने गिळू लागला तरी मध्ये पडू नये. गिळून झाल्यावर तो मोठी जांभई देऊन जबडे जागेवर आणतो.

हाताला उंदराचा वास असेल तर साप हातच पकडू शकतो. तसे झाले तर हात ओढू नये, कारण दात मागे वळलेले असतात आणि ओढल्याने जखम मोठी होते. डोक्यावर थंड पाण्याची धार सोडावी आणि वेढे शेपटीकडून उलगडावेत. अडीच-तीन मीटरच्या सापाला खाऊ घालताना दुसरी प्रौढ व्यक्ती हजर असणे आवश्यक आहे. दोन साप एकाच पेटीत असतील तर एकच उंदीर दोघांनी धरण्याचा आणि एकाने दुसऱ्याला गिळण्याचा धोका असतो, म्हणून त्यांना वेगळे करूनच खायला द्यावे. एकट्या सापाला मात्र खाण्यासाठी दुसऱ्या खोक्यात नेण्याची जुनी पद्धत मला पटत नाही, कारण पोट भरल्यावर त्याला पुन्हा उचलावे लागते.

कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ झाले की बरेच साप खात नाहीत, आणि निरोगी प्रौढ बॉल पायथन काही महिने उपवास करू शकतो. वजनकाट्यावर 10 टक्क्यांहून अधिक घट दिसली तर पशुवैद्य गाठावा. हट्टी पिल्लासाठी वितळलेल्या उंदराच्या कवटीला छोटी चीर देऊन आतला अंश त्या उंदराच्याच नाकाला लावण्याचा उपाय आहे. तो ओंगळ असला तरी पुष्कळदा लागू पडतो. रात्रभर पडून राहिलेला उंदीर फेकावा, पुन्हा गोठवू नये.

गोठवल्याने साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू मरत नाही. त्यामुळे उंदीर आपल्या अन्नापासून वेगळ्या फ्रीजरमध्ये साठवावेत, भांडी आणि चिमटे वेगळे ठेवावेत, हे काम स्वयंपाकघरात करू नये, नंतर हात साबणाने धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना यापासून दूर ठेवावे.

खाल्ल्यानंतर किमान 48 तास सापाला हात लावू नये. हाताळणी, अपुरी ऊब किंवा फार मोठे भक्ष्य यांमुळे तो उंदीर ओकून टाकतो, आणि तो लिबलिबीत, सडका गोळा खोलीभर दुर्गंधी पसरवतो. हातमोजे घालून तो उचलावा, सगळा भुसा बदलावा, पेटी जंतुनाशकाने धुऊन कोरडी करावी आणि उबदार कोपऱ्याचे तापमान मोजावे. लगेच दुसरा उंदीर देणे घातक ठरते, कारण पचनमार्गाला सावरायला वेळ लागतो. दहा ते चौदा दिवस केवळ पाणी द्यावे, नंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर द्यावा आणि तो पचून विष्ठा झाल्यावरच आकार वाढवावा. उलटी पुन्हा झाली, तर विष्ठेचा नमुना घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे.